खातेवहीत अडकलेला पगार

महिन्याच्या ७ तारखेला पगार होतो आणि १० तारखेला घरात पैसा नसतो, असे का? आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत एका भगिनीने हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळ्या हसल्या. हसल्या, कारण सगळ्यांच्याच घरी तेच. नवऱ्याने पगार हातावर ठेवायचा, आपण तो वाण्याच्या हातावर ठेवायचा, आणि ८ तारखेपासून पुन्हा त्याच्याच दुकानात “लिहून ठेवा” म्हणत उभे राहायचे. कोणी म्हणाली महागाई आहे. कोणी म्हणाली, आपले नशीबच फाटके. नशिबाचे सोडून द्या, ते आपण मानत नाही. महागाई मात्र खरी आहे. पण सगळा पगार महागाईनेच खाल्ला का, हे पाहायचे तर वही उघडावी लागेल, असे ठरले.

ज्या भगिनीने प्रश्न विचारला तिचीच वही आम्ही उघडली. नाव छापू नका, एवढीच तिची अट. म्हणून इथे आम्ही तिला नुसते ताई म्हणू. ताईचे यजमान कंत्राटदाराकडे सफाईच्या कामाला, ताई चार घरी धुणीभांडी करते. घरात सासू, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. माणसे ५. भाजी, दूध आणि रविवारचे मटण-मासळी वगळून एका महिन्याचे किराण्याचे खाते निघाले ६,२०० रुपयांचे. एका रविवारी दुपारी विहाराच्या ओट्यावर आम्ही ती वही घेऊन बसलो. ताईची मुलगी पेन्सिल घेऊन आकडे मांडत होती, आम्ही वाचून दाखवत होतो. संध्याकाळचे सहा वाजले तरी कोणी उठले नाही.

पाव किलोचे गणित

पहिल्या पानावरच लक्षात आले की ताईच्या घरात किलोने काहीच येत नाही. तूरडाळ पाव किलो, साखर पाव किलो, शेंगदाणे पाव किलो, तेलाची अर्ध्या लिटरची पिशवी, चहाची १० रुपयांची पुडी. रोजची पुडी, रोजचा वाणी. हे ताईचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. हातात ५० रुपये असतील तर माणूस ५० रुपयांचेच घेणार. पण गरिबाला तीच वस्तू श्रीमंतापेक्षा महाग पडते, ती कशी ते या वहीत आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तूरडाळ महिन्यात १२ वेळा पाव-पाव किलो आली, दर वेळी ३८ रुपये. म्हणजे ३ किलोचे ४५६ रुपये. त्याच दुकानात किलोचा भाव १३५, म्हणजे ३ किलोचे ४०५. इथे ५१ रुपये गेले. साखर १६ वेळा पाव किलो, १३ रुपयांनी २०८. किलोने घेतली असती तर ४५ च्या भावाने १८० लागले असते. गेले २८. तेलाच्या अर्ध्या लिटरच्या ६ पिशव्या ८० रुपयांनी ४८०, आणि लिटरच्या ३ पिशव्या १४८ ने ४४४. गेले ३६. चहाच्या ३० पुड्यांचे ३०० रुपये झाले, तेवढाच चहा मोठ्या पाकिटात २४० ला होता. गेले ६०. धुण्याच्या पावडरीत ३५ गेले, शेंगदाण्यात १७. बेरीज झाली २२७ रुपये. भाव आमच्या वस्तीतले, त्या महिन्याचे. तुमच्याकडे थोडे मागेपुढे असतील, पण वही उघडलीत तर चित्र हेच दिसेल.

२२७ रुपयांत काय होते, असे एका भगिनीने विचारले. ताईची मुलगी पटकन म्हणाली, “माझी गणिताची गाईड येते.”

आता सगळे एकदम किलोने घ्यायला पैसा कुठून आणायचा? आम्ही ताईला सांगितले, सगळे नको. पगाराच्या दिवशी फक्त दोन वस्तू मोठ्या घ्यायच्या, चहा आणि तूरडाळ. पुढच्या महिन्यात त्यात तेलाची भर घालायची. एका महिन्यात घर बदलत नाही.

पण मोठे पाकीट नेहमी स्वस्तच, असे समजून आंधळेपणाने उचलू नये. शांपूची १-२ रुपयांची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. बाटली घेतली की मुले दुप्पट ओततात, तो तोटा वेगळाच. तेव्हा हिशोब करूनच घ्यावे.

“किरकोळ” म्हणजे काय?

वहीत दर दोन-तीन दिवसांनी एक शब्द यायचा, “किरकोळ”. किरकोळ ४०, किरकोळ २५, किरकोळ ३०. बेरीज केली ती ६४० रुपयांवर गेली. ताईलाही ठाऊक नव्हते की ६४० रुपयांचे हे किरकोळ काय आहे. मुलाला बोलावले. तो मान खाली घालून म्हणाला, ५-५ रुपयांचे कुरकुरीत पुडे. उरलेले यजमानांचे, तंबाखू आणि तसलेच काही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण बंदी असलेला माल वहीत “किरकोळ” या नावाने कसा येतो, ते सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

इथे आम्ही कोणाला उपदेश केला नाही. मुलीने ६४० हा आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहिला आणि घरी भिंतीला चिकटवला, एवढेच. पुढच्या महिन्यात किरकोळ ३४० वर आले.

याच वहीत दोन ठिकाणी एकच वस्तू दोनदा लिहिलेली निघाली आणि एका बेरजेत गफलत निघाली. मिळून ११४ रुपये. ताई घाबरली, शेठ रागावला तर? आम्ही दोघीतिघी बरोबर गेलो. शेठने वही पाहिली, चष्मा पुसला आणि मुकाट्याने ११४ खोडले. मुद्दाम केले होते की गर्दीत चुकले होते, ते आम्ही विचारले नाही. तेव्हापासून ताईच्या घरी स्वतःची दुसरी वही आहे. माल घरात येताच मुलगी त्यात तारीख, वस्तू, वजन आणि किंमत लिहिते. दुकानाच्या वहीला आपली वही जोड असली की चूक राहत नाही.

वाण्याला शिव्या देण्यात मात्र अर्थ नाही. २०२० च्या टाळेबंदीत कामे बंद, हातात दमडी नाही, तेव्हा मोठ्या चकचकीत दुकानांनी रोख मागितली आणि आमच्या गल्लीतल्या याच दुकानांनी तीन-तीन महिने उधार दिले. ते आम्ही विसरलो नाही. पण उधारीची किंमत असते. उधारीचा माल घेणारी बाई भाव विचारत नाही, दुसऱ्या दुकानात जात नाही, किडकी डाळ परत करत नाही. व्याज वहीत लिहिलेले नसते, ते असे वसूल होते.

तराजूकडे पाहायचे

दुकानातून आम्ही परत आलो तेव्हा ताईची सासू दारात बसलेली होती. ती म्हणाली, “वाण्याशी कशाला भांडता बायांनो?” तिचे लहानपण मराठवाड्यातल्या खेड्यात गेले. तिथे दुकानाच्या पायरीखाली उभे राहायचे, पैसे जमिनीवर ठेवायचे, आणि दुकानदार वरून पदरात मीठ-मिरची टाकायचा. तराजू कोणत्या बाजूला झुकला हे पाहायला जागाच नव्हती. दिले ते घेऊन निघायचे. ती सवय म्हातारीच्या अंगात राहिली. सून वजनाकडे पाहू लागली की ती आजही सुनेचा पदर ओढते.

आता पायरी नाही, पण लाज अजून आहे. “आधी काटा शून्य करा” असे म्हणायला आपल्या कितीतरी भगिनी कचरतात. लोकांना वाटेल गरीब आहेत, पाच-दहा ग्रॅमसाठी भांडतात. अहो, ज्याचा पैसा घामाचा त्यानेच ग्रॅम मोजायचे! इलेक्ट्रिक काटा असला तर माल ठेवण्यापूर्वी त्यावर शून्य दिसले पाहिजे. काट्यावर वैधमापन खात्याचा पडताळणीचा शिक्का असतो, तो पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. मिठाईवाला खोका धरून वजन करतो, तेव्हा खोक्याचे वजन वजा करायला सांगावे. बंद पाकिटावर छापलेले निव्वळ वजन म्हणजे आतल्या मालाचे, वेष्टनाचे नव्हे. आणि छापील किमतीवर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. दुधाच्या पिशवीवर “फ्रीजचे” म्हणून दोन रुपये घेतात, थंड पेयाच्या बाटलीवर “कूलिंगचे” म्हणून पाच घेतात, तेही नियमात बसत नाही. दुकानदार ऐकतच नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. आधी पावती मात्र मागून घ्यावी.

आता पाकिटाचे. पूर्वी चहा, बिस्किटे, तेल, पीठ अशा वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांचीच काढावी लागत. ते बंधन २०२२ मध्ये उठले. त्यामुळे आज किलोच्या पाकिटासारखे दिसणारे पाकीट ८०० किंवा ८५० ग्रॅमचे असू शकते. ५ रुपयांचा बिस्किटपुडा आजही ५ रुपयांनाच मिळतो, पण आतली बिस्किटे मोजून पाहा! त्याच वेळी कंपन्यांना दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती किंमत पडते तेही पाकिटावर छापायची सक्ती झाली. अक्षर बारीक असते. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला दुकानात न्यावे आणि त्याच्याकडून ते वाचून घ्यावे. दोन पाकिटांची तुलना त्या आकड्यावरून करावी, वरच्या चित्रावरून आणि “२० टक्के जादा” वरून नव्हे. तेलाचे एक ध्यानात ठेवावे, १ लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असते. लिटर आणि किलो एकच समजून भाव लावला तर फसगत होते.

धान्य-डाळी पाकिटातल्या घ्याव्यात की सुट्या? १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. समोर मोजून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही. निवडायचे कष्ट घ्यायची तयारी असेल तर सुटी डाळ स्वस्त पडते, आणि गहू घेऊन गिरणीवर दळून आणणे केव्हाही बरे. तेल आणि हळद मात्र सुटी घेऊ नये. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर तर अन्नसुरक्षेच्या नियमांची बंदीच आहे. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने कितीतरी माणसे दगावली होती.

हक्काचे धान्य

आता रेशन. ताईच्या घरी बाहेरून तांदूळ विकत येत होता, हे पाहून आम्ही विचारले, शिधापत्रिका नाही का? आहे. प्राधान्य कुटुंबाची आहे. पण मुलाचा वाटा काही महिन्यांपासून बंद होता. त्याचे ई-केवायसी झालेले नव्हते आणि आधारवर बोटांचे ठसेही नव्याने दिलेले नव्हते. मुलांचे ठसे ५ व्या आणि १५ व्या वर्षानंतर नव्याने द्यावे लागतात. दुकानदाराने “मशीन घेत नाही” एवढे सांगितले आणि ताई गप्प बसली. दर महिन्याचे ५ किलो धान्य असे बुडत होते. बाहेरच्या तांदळाचा ४८ रुपये भाव धरला तर २४० रुपये.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते फुकट झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी ५ वर्षे फुकट ठेवण्याचा निर्णय झाला. हे दान नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. घरात नवे मूल आले, सून आली, तर तिचे नाव कार्डात घालायला अर्ज करावा. तालुक्याच्या किंवा शहराच्या कोट्यात जागा नसेल तर वाट पाहावी लागते, पण अर्जाची पोच हातात असावी. मुंबई-पुण्यात कामाला आलेल्या भावांनी गावच्या कार्डावरचा आपला वाटा इथल्या दुकानातही उचलता येतो, ही सोय पुष्कळांना ठाऊक नाही. दुकानात माल अपुरा दिला, पावती दिली नाही, तर १९६७ क्रमांकावर तक्रार करता येते.

एक गोष्ट लिहायला जड वाटते, पण लिहितो. काही घरी रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला मातीमोल भावात विकतात आणि दुकानातून त्याच्या दुपटी-तिपटीने “चांगला” तांदूळ आणतात. तो फेरीवाला तांदूळ काही उकिरड्यावर टाकत नाही. जुना तांदूळ दोनदा धुवून, अर्धा तास भिजवून शिजवला तर भात मोकळा होतो. इडली, घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी याला तर तोच बरा. २०२२ पासून टप्प्याटप्प्याने रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळले जाऊ लागले, तेव्हा वस्त्यावस्त्यांत “प्लास्टिकचा तांदूळ आला” अशी आवई उठली. बायकांनी ते पिवळसर, पाण्यावर तरंगणारे दाणे निवडून फेकले. ते प्लास्टिक नव्हे, तांदळाच्याच पिठाचे दाणे असतात. अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या लेकीसुनांसाठीच ते घातलेले. मात्र घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रोगी असेल, आणि विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आहे, तर डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दहा घरांची एक यादी

एका घराने घेतले तर पाव किलो, दहा घरांनी मिळून घेतले तर गोणी. हा काही आमचा शोध नव्हे. १९४८ मध्ये नायगावच्या कामगारांनी सहकारी ग्राहक भांडार काढले, तेच पुढे अपना बाजार म्हणून मोठे झाले. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करून महिन्याची यादी एकत्र देतात आणि माल आपसांत वाटून घेतात. डॉ. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रुपयाची किंमत त्याने काय विकत घेता येते यावर ठरते, आणि ती स्थिर राहिली पाहिजे, हे त्यांनी त्यात मांडले. आमच्या मंडळात सहा घरांची यादी झाली तेव्हा रुपया थोडा लांब जातो, हे आम्हालाही दिसले.

पण पहिल्या वेळी आमची चांगलीच फजिती झाली. उत्साहाच्या भरात आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाशीच्या घाऊक बाजारातून गव्हाच्या ३०-३० किलोंच्या गोण्या आणल्या. भाव छान लागला, टेम्पोचे भाडे सहा घरांत वाटले गेले, सगळ्या खुश. चार दिवसांत पाऊस लागला. आपल्या घरात गोणी ठेवणार कुठे? पलंगाखाली, भिंतीला लागून. ओल धरली, पोरकिडे झाले, आणि एका घरचा अर्धा गहू शेवटी कोंबड्यांना गेला. जी दोनशे रुपयांची बचत सांगत फिरत होतो, ती तिथेच संपली.

त्यातून शहाणपण आले ते असे. मुंबईच्या हवेत पावसाळ्यात दोन महिन्यांवर धान्य साठवू नये. साठवणीचे जे काही करायचे ते एप्रिल-मेमध्ये करावे, तेव्हा नवा गहू बाजारात आलेला असतो आणि ऊनही कडक असते. दोन दिवस उन्हात घालून, थंड झाल्यावर कोरड्या पत्र्याच्या डब्यात भरावे. डबा जमिनीवर नको, दोन विटांवर ठेवावा. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात लावतात, तो कीड धरू देत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या बाजारात मिळतात, त्या मात्र फुकट दिल्या तरी घरात आणू नका. त्यांचा वायू झोपलेल्या माणसाला उठू देत नाही, आणि आपली झोपायची व धान्याची खोली एकच असते.

वर्षाचा मसालाही असाच मे महिन्यात एकत्र करावा. लालबागला मिरची गल्लीत ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला अशी मिरची निवडून, तिथेच कुटून आणली तर दुकानातल्या पुडीच्या मानाने चव आणि खात्री दोन्ही वेगळी. गेल्या मे महिन्यात आम्ही चार घरांनी मिळून १० किलो मसाला केला. दिवसभर शिंकत होतो, पण मौज आली. सुके बोंबील, जवळा, सुकटही पावसापूर्वीच घेऊन ठेवतात.

एकत्र खरेदीचे आमचे नियम अगदी साधे आहेत. पैसे आधी, माल मागून. कोणासाठीही उधार नाही, अध्यक्षीणबाई असल्या तरी. वाटप सगळ्यांसमोर, विहाराच्या ओट्यावर, एकाच काट्यावर. खर्चाचा कागद भिंतीवर लावायचा. दोन घरी भांडण झाले ते या कागदामुळेच मिटले. आणि जवळ स्वस्त मिळत असेल तर उगाच वाशी गाठायची नाही, रिक्षा-टेम्पोत पैसा जातो. हल्ली मुले मोबाइलवरून दहा मिनिटांत माल मागवतात. आणून देणारी मुलेही बहुतेक आपल्याच वस्तीतली, त्यांचा राग नाही. पण शेवटी किती आकार लावला ते बिलात पाहावे. दहा रुपयांच्या कोथिंबिरीवर वीस रुपये चढलेले आम्ही पाहिले आहेत.

हात आखडू नये ते कुठे

काटकसर म्हटली की आपली बाई पहिल्यांदा स्वतःच्या ताटातले कमी करते. भाजी पोरांना, डाळ नवऱ्याला, आणि स्वतः चहा-चपाती. ताईच्या यादीतून अंडी कापायची का, असे तिनेच विचारले, तेव्हा आमच्या सगळ्यांचा आवाज एकदम चढला. अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे यांना कात्री लावून वाचवलेला पैसा पुढे डॉक्टरला द्यावा लागतो. तूरडाळ महाग झाली तर चार दिवस मसूर, मटकी, चवळी, वाटाणा करावा, कडधान्याला मोड आणावेत. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, डाळीच्या दुपटीपेक्षा जास्त. मसाल्यात चांगल्या परतल्या तर मुले मटण समजून खातात. आमच्या एका भगिनीच्या नवऱ्याने दोनदा वाढून घेतल्या आणि तिसऱ्या वेळी विचारले, हाडे कुठे आहेत?

सणासमारंभाच्या दिवसांचेही सांगायला हवे. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, दसरा, ६ डिसेंबरचा प्रवास, हे खर्च अचानक येत नाहीत. तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात. तरी खाते फुगते ते याच महिन्यांत. जयंतीच्या खिरीचे तांदूळ, गूळ, वेलची मार्चच्या पगारात थोडे थोडे घेतले तर एप्रिलचा पगार शाबूत राहतो.

आता ताईचे पुढे काय झाले ते सांगतो. ६,२०० चे खाते मिटल्याशिवाय रोखीने खरेदी सुरू होणार नव्हती. बचत गटाने ६,००० रुपये दिले, महिना २ टक्के व्याजाने, सहा हप्त्यांत फेडायचे. दर महिन्याला १,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज, म्हणजे सहा महिन्यांचे एकूण व्याज ४२०. वरचे २०० ताईने घरून घातले. पाव किलोचे २२७, रेशनचे २४०, वहीतल्या चुकीचे ११४ आणि किरकोळातले ३०० मिळून ८८१ रुपये महिन्याला वाचायला हवे होते. कागदावर वाचले. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात पाचशेच वाचले. मुलाचे ठसे द्यायला दोन खेपा झाल्या आणि त्या दोन दिवसांची एका घरची खाडे कापली गेली. दुसऱ्या महिन्यात सासूच्या खोकल्याचे औषध आले. हप्त्यासाठी ताईने एकदा भिशीचे पैसे मोडले. पण पाव किलोची पुडी घरात पुन्हा आली नाही, आणि तिसऱ्या महिन्यात मुलाचा रेशनचा वाटा सुरू झाला.

सहावा हप्ता गेल्या महिन्याच्या ९ तारखेला गेला. ताई शेठच्या दुकानात रोख पैसे घेऊन गेली, मुलगी बरोबर होती. शेठ म्हणाला, “खाते बंदच केले का ताई? लागले तर या.” ताई म्हणाली, “येईन की. पण आज किलोने द्या.” मुलीने काट्याकडे बोट दाखवले, “काका, आधी शून्य करा.” शेठने केला.

पुढच्या महिन्याच्या यादीत आता अकरा घरे आहेत. तूरडाळ ३० किलो, साखर ४० किलो, शेंगदाणे १० किलो, धुण्याची पावडर. पैसे शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे, वाटप रविवारी अकरा वाजता. पिशव्या ज्याच्या त्याने आणाव्यात.